धाप दम्याची की वजनाची?

गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या एका आईचं पत्र आहे. मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत. उंची १३८ सेंटीमीटर, वजन ४६ किलो. दम्याचं निदान सहाव्या वर्षी झालं. तेव्हा रोज घ्यायचा एक पंप (इनहेलर) आणि धाप लागली की घ्यायचा निळा पंप, असे दोन मिळाले होते. रोजचा पंप महिन्याभरात बंद पडला. घरघर थांबली होती, आणि 'त्यातल्या स्टेरॉइडनेच पोर सुटत चाललंय' असं आजीचं म्हणणं होतं. आता निळा पंप आठवड्यातून चार-पाच वेळा लागतो. वर्षभरात तीनदा पाच-पाच दिवस गोळ्या घ्याव्या लागल्या. पीटीच्या तासाला तो बाकावर बसून असतो. मागच्या भेटीत डॉक्टर म्हणाले, 'आधी वजन उतरवा.' म्हणून आईने रात्रीचा भात बंद केला. दही आणि केळी 'थंड' म्हणून आधीच बंद होती. गेल्या आठवड्यात मुलगा कपाटामागे बसून पाव खाताना सापडला. आई विचारते: वजन उतरेपर्यंत पीटीतून कायमची सूट घ्यावी का? पंप पुन्हा सुरू केला तर तो आणखी जाड होईल का? आणि मुळात वजनामुळे दमा झाला की दम्यामुळे वजन वाढलं?

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकू: दोन्ही. ज्या मुलांचं वजन जास्त असतं त्यांना दमा होण्याची शक्यता जास्त, आणि ज्यांना लहानपणीच दमा झाला त्यांचं वजन वाढण्याची शक्यता जास्त. धाप लागते म्हणून मूल बसतं, बसतं म्हणून वजन वाढतं, वजन वाढलं की धाप आणखी लवकर लागते. तुमच्या घरी सुरुवात कुठून झाली हे आता शोधूनही फारसं हाती लागणार नाही. हे चक्र आज कुठे मोडता येईल, ते पाहू.

तुमच्या पत्रात एक रांग आहे. आधी वजन, मग खेळ, मग दमा आपोआप बरा. ही रांग उलटी लागली आहे असं माझं मत आहे. दमा आटोक्यात नसलेल्या मुलाला पळता येत नाही, आणि न पळता दहा वर्षांच्या मुलाचं वजन ताब्यात ठेवायचं म्हणजे त्याला उपाशी ठेवणं. उपाशी मूल पाव लपवून खाणारच. तेव्हा आधी दमा, आणि वजनाचं काम त्याच्याबरोबरीने, घाई न करता.

पण त्याआधी एक खातरजमा. त्याची प्रत्येक धाप दम्याचीच आहे का? वजन जास्त आणि सराव नाही, अशा कुठल्याही मुलाला पळताना धाप लागते. ती थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत उतरते, खोकला येत नाही, छातीत शीळ वाजत नाही. दम्याची धाप निराळी वागते. ती बऱ्याचदा पळणं थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत वाढते, बरोबर कोरडा खोकला किंवा छाती आवळल्यासारखं वाटणं असतं, उतरायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि निळ्या पंपाने लवकर सुटते. शिवाय दम्याचा त्रास रात्री किंवा पहाटेही उठवतो. नुसत्या वजनाची धाप झोपेतून खोकत उठवत नाही. चार-पाच प्रसंग घड्याळ लावून वहीत टिपा: काय करत होता, धाप कधी सुरू झाली, खोकला होता का, किती वेळाने उतरली. ही वही डॉक्टरांच्या फार कामाची असते. ती नसेल तर वजनाच्या धापेला निळा पंप दिला जातो, तो लागू पडत नाही, आणि औषध वाढत जातं. उलटही घडतं: 'जाड आहे म्हणून धापतो' म्हणत खरा दमा अंगावर काढला जातो. दोन्ही चुका सारख्याच महागात पडतात.

दुसरी खातरजमा स्पायरोमेट्रीची. दहा वर्षांचं मूल ही फुंकण्याची चाचणी नीट करू शकतं. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा छातीच्या डॉक्टरांकडे ती होते. निळा पंप देण्याआधी एकदा आणि दिल्यावर पंधरा मिनिटांनी पुन्हा, अशी दोनदा करायला सांगा. पंपानंतर पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेल्या हवेचा आकडा त्या उंचीला अपेक्षित आकड्याच्या १२ टक्क्यांहून जास्त सुधारला तर दम्याच्या निदानाला चांगलाच आधार मिळतो. मूल बरं असताना चाचणी केली तर हा फरक न दिसणंही शक्य आहे, म्हणून एका कागदावर निकाल लावू नये. आणि जास्त वजनाच्या मुलांत एक गोष्ट नजरेतून सुटते, ती सविस्तर सांगायला हवी.

स्पायरोमेट्रीत दोन आकडे महत्त्वाचे. पूर्ण श्वास घेऊन शेवटपर्यंत किती हवा बाहेर टाकली हा एक, आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती गेली हा दुसरा. या वयात पहिल्या सेकंदातच साधारण ९० टक्के हवा जायला हवी. वाढत्या वयात वजन जास्त असलं तर पुष्कळ मुलांत फुप्फुसं आकाराने मोठी होतात, पण श्वासनळ्या त्या मानाने रुंद होत नाहीत. टाकी मोठी, नळ बारीक. अशा मुलाने समजा एकूण २.५ लिटर हवा बाहेर टाकली आणि पहिल्या सेकंदात १.९ लिटर. दोन्ही आकडे वयाला उत्तम, शेरा 'नॉर्मल'. पण १.९ भागिले २.५ म्हणजे ७६ टक्के, आणि ते कमी आहे. म्हणून रिपोर्ट हातात आला की शेऱ्यावर न थांबता 'दोन्ही आकड्यांचं गुणोत्तर किती आलं?' एवढं विचाराच.

वजनाचा श्वासावर आणखी दोन वाटांनी परिणाम होतो. साधा श्वास सोडल्यावरही फुप्फुसात थोडी हवा मागे राहते, आणि तीच तळाच्या बारीक नळ्या उघड्या धरून ठेवते. पोटावर आणि छातीवर चरबी असली की छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा वर ढकलला जातो, ती शिल्लक हवा कमी होते, नळ्या मिटू लागतात. आडवं झाल्यावर तर जास्तच. उशिरा भरपेट जेवून लगेच झोपलं तर पोटातलं आम्लही वर येतं आणि खोकल्याला भर घालतं, म्हणून जेवण आणि झोप यांत दोन ते तीन तास ठेवा. दुसरी वाट चरबीचीच. चरबी काही नुसती साठून राहत नाही, तिच्यातून दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात जात असतात. अशा मुलांपैकी काहींना स्टेरॉइडचा पंप अपेक्षेएवढा लागू पडत नाही. यातून पंप निरुपयोगी असा अर्थ काढू नका. फायदा दिसत नाही म्हणून डोस चढवत जाण्याआधी पंप रोज घेतला जातो का, बरोबर घेतला जातो का आणि वजनाचं काय चाललंय, हे तपासायचं.

आता आजींचा मुद्दा. स्टेरॉइडने वजन वाढतं हे त्यांचं म्हणणं खोटं नाही, फक्त बोट चुकीच्या औषधाकडे आहे. हिशेब करून बघा. दम्याच्या अटॅकमध्ये ज्या गोळ्या देतात त्या बहुतेकदा प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या असतात. या वजनाच्या मुलाला दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत, पाच दिवस. म्हणजे एका खेपेला २०० मिलिग्रॅम, वर्षात तीन खेपा म्हणजे ६००. रोजच्या कमी मात्रेच्या बुडेसोनाइड पंपातून दिवसाला २०० मायक्रोग्रॅम जातात, म्हणजे एक मिलिग्रॅमचा पाचवा भाग. २०० मिलिग्रॅम गाठायला १००० दिवस लागतील. दोन्ही औषधांची ताकद वेगळी असल्यामुळे हा हिशेब एकास एक धरता येत नाही, पण अंदाज येतो. शिवाय गोळी रक्तातून सगळ्या शरीरात फिरते, भूक वाढवते, तोंड सुजवते. पंपाचं औषध मुख्यतः श्वासनळीत राहतं. कमी मात्रेच्या पंपाने वजन वाढत नाही. उंचीवर थोडा परिणाम होतो हे खरं आहे: बुडेसोनाइड रोज घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरी साधारण १ सेंटीमीटरने कमी आढळली. तेवढं मान्य करूनही गोळ्यांच्या तीन खेपांपेक्षा रोजचा पंप कितीतरी सौम्य. आजींना सांगताना 'तुम्ही चुकलात' असं सांगू नका. 'स्टेरॉइड कमी करायचंय, म्हणून पंप सुरू करतोय' असं सांगा. ते खरंही आहे.

(गोळीच्या जागी कुणाकडून नाव-गाव नसलेली पुडी आणत असाल तर आधी ती थांबवा. एका पुडीत घरघर जादूसारखी थांबली तर आत स्टेरॉइड असण्याचा संशय धरावाच.)

निळ्या पंपाबद्दल थोडं कडक बोलतो. तो नळ्या तात्पुरत्या सैल करतो, सूज कमी करत नाही. दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक सूचना काढणारी 'जिना' ही संस्था २०१९पासून सांगते की १२ वर्षांवरच्या कुणालाही नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये. त्याहून लहान मुलांतही वारंवार त्रास असेल तर रोजचा कमी मात्रेचा पंप हाच पाया. गेल्या चार आठवड्यांचे चार प्रश्न स्वतःला विचारा. दिवसा त्रास आठवड्यात दोनदाहून जास्त झाला का? रात्री एकदा तरी दम्याने उठला का? निळा पंप आठवड्यात दोनदाहून जास्त लागला का? दम्यामुळे खेळ किंवा शाळा सुटली का? एकाचं जरी 'हो' असलं तरी दमा पुरता ताब्यात नाही, तीन-चारांचं 'हो' म्हणजे अजिबात नाही. तुमच्या पत्रातच दोन 'हो' आहेत. निळ्या पंपाच्या डब्यात २०० पफ असतात, एकदा दाबला की एक पफ. दर वेळी दोन, म्हणजे आठवड्याला नऊ-दहा पफ धरले तर वर्षाला अडीच डबे होतात, अटॅकच्या वेळचे वेगळे. वर्षाला तीन डबे हा धोक्याचा आकडा मानतात.

रोजचा पंप सुरू करायचा तर डॉक्टरांना विचारूनच, डोस तेच ठरवतील. तो किमान तीन महिने सलग चालू द्या. घरघर थांबली म्हणून बंद करणं म्हणजे पाऊस थांबला म्हणून छप्पर काढून ठेवणं. डबा फोडला त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख लिहा. २०० पफचा डबा, सकाळी दोन आणि रात्री दोन पफ, तर ५० दिवसांत संपतो. त्यानंतरही हलवला की आत काहीतरी खळखळतं, पण बाहेर येतो तो नुसता वायू. हे न कळल्यामुळे 'पंप लागू पडेना' म्हणणारी घरं पुष्कळ आहेत. पंप निळा की तपकिरी यावरही विसंबू नका, कंपनीगणिक रंग बदलतो. डब्यावरचं औषधाचं नाव वाचा.

आता घ्यायची रीत. औषध इथेच वाया जातं. पंप थेट तोंडात धरून मारला तर बराचसा घशावर आपटतो, म्हणून मधे स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं प्लॅस्टिकचं पोकळ नळकांडं, हवाच. दहा वर्षांच्या मुलाला मास्क नको, तोंडात धरायची नळी पुरे. मास्क चार-पाच वर्षांखालच्या मुलांना. पंप जोरात हलवायचा, स्पेसरला लावायचा, मुलाने ताठ बसून आधी श्वास सोडायचा, नळी दातांच्या मध्ये घेऊन ओठ घट्ट मिटायचे. मग एकच पफ दाबायचा. लगेच सावकाश, खोल श्वास आत, आणि दहा आकडे मोजेपर्यंत रोखायचा. जमत नसेल तर स्पेसरमधूनच पाच-सहा शांत श्वास. शिट्टी वाजली तर समजा फार जोरात ओढला. अर्धा मिनिट थांबून, पुन्हा हलवून, दुसरा पफ. दोन पफ एकदम दाबले तर थेंब एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात, औषध कमी पोचतं. शेवटी चूळ भरून थुंकायची, नाहीतर जिभेवर बुरशीचे पांढरे डाग येतात. रात्रीचा डोस दात घासण्याआधी ठेवला की चूळ आपोआप होते.

स्पेसर महिन्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब घालून बुडवायचा आणि उभा करून वाळू द्यायचा. फडक्याने पुसलात तर प्लॅस्टिकला स्थिर वीज येते आणि औषध आतच चिकटून राहतं. पावसाळ्यात वाळायला रात्र जाते, म्हणून रात्रीचा डोस झाल्यावरच धुवा. कॅप्सूल टोचून ओढायचं भुकटीचं यंत्र असेल, ज्याला सगळे रोटाहेलर म्हणतात, तर त्याची रीत बरोबर उलटी: श्वास जोरात आणि झटक्यात ओढायचा. आणि आपल्या जून-जुलैच्या हवेत त्या कॅप्सूल उघड्या राहिल्या की भुकटी ओलसर होऊन तिचा गोळा होतो. बाटलीचं झाकण लगेच लावा, यंत्रात तोंडाने फुंकू नका, कॅप्सूल आदल्या रात्री भरून ठेवू नका.

दम्यासाठी झोपताना माँटेलुकास्ट नावाची गोळी चालू असलेल्या घरांसाठी एक सूचना. मूल चिडचिडं झालं, भयानक स्वप्नं पडू लागली, उदास दिसू लागलं तर अभ्यासाचा ताण म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना कळवा. या दुष्परिणामांबद्दल अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२०मध्ये त्या औषधावर ठळक इशारा छापायला लावला.

आता वजन. ४६ भागिले १.३८ चा वर्ग, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २४च्या थोडा वर. मोठ्या माणसाला हा आकडा फार वाटणार नाही, आणि इथेच पुष्कळ आईबाप फसतात. मुलांचा बीएमआय वय आणि मुलगा-मुलगी पाहून वाचायचा असतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५मध्ये ५ ते १८ वर्षांच्या मुलांचे तक्ते काढले आहेत. त्यांत मोठ्यांच्या २३ला आणि २७ला जुळणाऱ्या दोन रेषा आहेत: पहिलीच्या वर जास्त वजन, दुसरीच्या वर लठ्ठपणा. दहाव्या वर्षी २४ म्हणजे दुसऱ्या रेषेच्याही वर. डॉक्टरांनी वजनाचं नाव काढलं ते योग्यच होतं. 'उतरवा' एवढंच सांगून सोडलं, ते अपुरं होतं.

कारण वाढत्या मुलाचं वजन उतरवावंच लागतं असं नाही. बहुतेकदा ते थांबवलं तरी पुरतं. या वयात उंची वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढते. वजन ४६वरच राहिलं आणि उंची १४४ झाली तर बीएमआय २२.२. आणखी एका वर्षाने १५० झाली तर २०.४. एक किलोही न उतरवता! महिन्याला अर्ध्या किलोपर्यंत उतरलं तरी हरकत नाही, त्याहून वेगाने नको. वजन महिन्यातून एकदाच, त्याच काट्यावर, आणि बरोबर उंचीही. रोज काट्यावर उभं करू नका. वजनाबरोबर उंचीही वाढत असेल तर कारण सहसा खाण्यात आणि बसण्यात असतं. उंची अडली असेल तर थायरॉइडसारख्या हार्मोनच्या तपासण्या लागतील, आणि गोळ्यांच्या खेपाही तिथे मोजायच्या. मानेवर मागे काळी, मखमली पट्टी दिसते का पाहा. तो मळ नाही, घासून जाणार नाही. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झाल्याची ती खूण असते. रात्री मोठ्याने घोरत असेल, घोरता घोरता श्वास अडखळत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. अर्धवट झोपेनेही भूक वाढते. या वयाला नऊ तास झोप हा कमीत कमी आकडा आहे.

खाण्याकडे येऊ. रात्रीचा भात एकट्या मुलाचा बंद करणं मला पटलेलं नाही. बाकीचे हुमण-शीत (माशांची आमटी आणि भात) खाताहेत आणि त्याच्या ताटात चपाती, ही शिक्षाच झाली. सगळ्यांचं ताट एक करा. भाताची एक वाटी मोजून, उकडा असो की न उकडलेला सुरय, वाटी तीच. शेजारी तेवढीच भाजी, डाळ किंवा मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची आमटी), आणि नुस्ते (मासे). नुस्ते रव्यात घोळून तळण्यापेक्षा हुमणात किंवा तव्यावर थोड्या तेलात. नुस्त्याने दमा वाढतो असं नाही, खाल्ल्यावर दर वेळी तासाभरात पुरळ किंवा घरघर येत असेल तरच वेगळा विचार. केळी आणि दही परत आणा. 'थंड' म्हणून ती काढली की त्या जागी काय येतं ते आठवून बघा: बिस्किटं, टोस्ट, क्रीमचा बन. एका केळ्याने दमा वाढत नाही, पुड्याने वजन वाढतं.

पावाचं मात्र बोलायलाच हवं. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा आपल्याकडे सकाळी वाजतो आणि संध्याकाळीही. संध्याकाळी चारला शाळेतून आलेल्या, डबा अर्धा टाकून आलेल्या मुलाच्या हातात गरम उंडा (गोल पाव) पडला की दोन-तीन सहज जातात, वर लोणी आणि गोड चहा. चोरीचा पाव बहुतेक याच वेळचा असणार. पाव बंद करू नका, वेळ बदला. तो घरात पाऊल टाकेल तेव्हा टेबलावर काहीतरी तयार असू द्या: अळसांद्यांची (चवळीसारख्या कडधान्याची) उसळ, उकडलेलं अंडं, पेज, पेरू. त्यानंतर एक पाव बसून, सगळ्यांसमोर. कोंडा लावलेली पोळी (पोदेराकडचा कोंड्याचा पाव) घेतलीत तर बरंच, पण हल्ली कोंडा पुष्कळदा वरून भुरभुरलेला असतो, आत मैदाच. लपवून खाल्ल्याबद्दल रागावू नका, त्याला भूक लागली होती. आणि बाटलीतली पेयं पूर्ण बंद, इथे सवलत नाही: २५० मिली कोलात २५ ग्रॅमच्या वर साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीवरचा साखरेचा आकडाही एकदा वाचा. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) नेवऱ्या, म्हणजे करंज्या, खाऊ द्या.

घराबद्दल थोडक्यात. गोव्याची दमट हवा दम्याला वाईट हे अर्धसत्य आहे. पळायला ती थंड, कोरड्या हवेपेक्षा बरी. तिचा त्रास आहे तो बुरशी आणि धुळीतले किडे पोसण्याचा. कपाटामागची काळी भिंत मूल शाळेत असताना पुसा, उशी-गादीला घट्ट विणीची खोळ घाला, चादरी आठवड्याला गरम पाण्यात. मच्छर कॉइल, धूप, अंगणात पाला जाळणं बंद. घरात कुणी विडी-सिगरेट ओढत असेल तर 'बाहेर ओढतो' हे पुरत नाही. दिवाळीत नरकासुराचा पुतळा जाळतात त्या पहाटे त्याला धुरापासून दूर ठेवा, नरकासुर बांधायला जाऊ द्या, जाळायला नको.

अटॅक आला तर ताठ बसवा, स्पेसरमधून निळ्या पंपाचे चार ते सहा पफ एकेक करून द्या. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं लिहून दिलं असेल तर तेच पाळा. वीस मिनिटांत आराम नाही तर पुन्हा तेवढेच, आणि दवाखान्याकडे निघा. वाक्य पुरं बोलता येत नाही, फासळ्यांमध्ये खड्डे पडताहेत, ओठ निळसर, गुंगी, किंवा घरघर अचानक थांबली पण मूल दमलेलंच, तर वाट न बघता १०८. पीक फ्लो मीटर (किती जोरात फुंकता येतं ते मोजणारं छोटं यंत्र) घरी ठेवलात तर बरं: बरा असताना दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहा. समजा तो २६० आला, तर २०८च्या खाली सावध, १३०च्या खाली दवाखाना.

राहिला पीटीचा प्रश्न. कायमची सूट घेऊ नका. रोजचा पंप चार-सहा आठवडे नीट चालला की सुरू करा. आधी दहा मिनिटं चालणं आणि मधे छोटे वेगाचे तुकडे. ही तयारी केली तर पळतानाची धाप पुष्कळ कमी होते. मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं सहा वेळा. दर आठवड्याला पळण्याचं अर्धं मिनिट वाढवा. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर खेळाआधी पंधरा मिनिटं निळ्या पंपाचे दोन पफ. ताप किंवा घरघर असलेल्या दिवशी सुट्टी. दिवसाला एक तास हालचाल हे लांबचं उद्दिष्ट, आणि तो तास तुकड्या-तुकड्यांनी भरला तरी चालतो. पंप दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असू द्या, शाळेच्या कार्यालयातल्या कुलूपबंद कपाटात नको.

शाळेला सूटपत्राऐवजी ही चिठ्ठी द्या. नावं तेवढी घाला:

'सर, याला दमा आहे आणि उपचार चालू आहेत. त्याने खेळावं असं डॉक्टरांचं आणि आमचं मत आहे. सुरुवातीला दहा मिनिटं हळू तयारी करू द्यावी. मध्येच थांबला तर बसू द्यावं, बरं वाटलं की परत घ्यावं. पंप आणि स्पेसर दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आहेत, तो स्वतः घेऊ शकतो, मात्र कुणीतरी शेजारी थांबावं. चार पफनंतरही आराम पडला नाही तर आम्हाला फोन करावा, ओठ निळे दिसले तर आधी १०८ला. वजनावरून कुणी चिडवत असेल तर कळवावं. आणि फुटबॉलमध्ये जाड मुलाला गोलमध्ये उभं करतात, तसं याला दर वेळी उभं करू नये. त्याला पळायचं आहे.'